इंजिनाला लावलेलं कुंकू

अगं, बाबांनी आमची जुनी गाडी जवळजवळ विकलीच होती! अ‍ॅक्सिलरेटर अडकायचा, पाय काढला तरी गाडी धावतच राहायची. हैदराबादच्या आबिड्स बाजारातला मिस्त्री म्हणाला, "कार्ब्युरेटर गया साब, बेच डालो. अब तो नई नई गाड्यां आ रै." बाबांनी लगेच संध्याकाळी गिऱ्हाईक बोलावलं.

मी चिडून बॉनेट उघडलं. अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेल्या थ्रॉटलच्या दांडीवर तेल-कुंकवाचा हा जाड थर!

"बाबा, दर दसऱ्याला इथेच कुंकू लावता ना?"

"मग पूजा काय टायरची करू?"

"करा! टायर निदान चिकटत नाही."

पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशने दांडी घासली. पाय उचलताच गाडी शांत.

गिऱ्हाईक आलं, तर बाबा दारातच ऐटीत म्हणाले, "नै बेचते. हमारे घर में बी.एस्सी. मिस्त्री है."