कडुलिंबाचं वाळवण

चहा घ्या, पण मी सांगितलं म्हणून नामदेवदादांले सांगू नका. दादा आमच्या शेजारचे सुतार. घाटंजीच्या बाजारापर्यंत त्यायचं नाव हाय.

वादळात माह्या धुऱ्यावरचा, म्हंजे शेताच्या बांधावरचा, कडुलिंब पडला. मी चेनसॉ मशीनले सरळ कापाले लोखंडी चौकट लावली अन् वावरातच त्याच्या फळ्या पाडल्या. गोठ्यात सावलीले एकावर एक रचल्या, मधात हवा खेळाले बारक्या पट्ट्या ठेवल्या. दादा पाहाले आले.

"काहून रे, हे काय मांडून राह्यला?"

"वाळू घातल्या, दादा. वर्षभर हात लावत नाही."

"वर्षभर? लाकडाचं वाळवण! सूनबाईले म्हण, कुरड्या बी इथंच घाल!"

गावभर माह्या फळ्यायचं नावच 'वाळवण' पडलं. वर्ष झाल्यावर मी त्याचं दार केलं. दादांनीबी तवाच घराले नवं दार बसवलं, पण ओल्या लाकडाचं. म्हणे, वर्षभर थांबते कोण?

मग लागली पावसाची झडी. तिसऱ्या दिवशी सकाळीच दादांच्या खिडकीतून आवाज आला, "अरे धाव! दार पिळलं, चौकटीत फसलं! सारे आत अडकलो!"

मी माह्यं दार एका बोटानं लोटलं, त्यायले दिसन असं. एका हातात पहार घेतली, दुसऱ्या हातात तळलेल्या कुरड्या. खिडकीच्या गजातून पहिले एक कुरडी आत सरकवली.

"घ्या दादा, वाळवण. तुम्ही खा, तवर मी दार तोडतो."