निमंत्रणातलं घर

नाही ताई, आज बरं आहे — सकाळपासून आभाळ भरलंय, वारा गार सुटलाय, पत्र्याला हात लावला तर चटका नाही. रंगाला असाच दिवस हवा. ऊन असलं की ब्रश फिरायच्या आत वाळतो म्हणे — तुमचा रंगारीच म्हणाला आत्ता, शिडीवरून. चढू दे त्याला. तुम्ही बसा. खुर्ची डुगडुगते, सांभाळून. हां, भिंतीला टेकवा. तिथंच म्हातारीची खाट होती — अहो, उठलात का? बसा, बसा. खुर्चीचा काय दोष त्यात.

कसं वाटतंय म्हणता? तो फोन जरा लांब धरा, मी हळू बोलणारा माणूस. आनंदाचे दोन शब्द हवेत ना तुम्हाला, विद्यापीठात दाखवायला? देतो की. चांगलं काम आहे तुमचं. विजेशिवाय घर गार ठेवायचं, नुसत्या पांढऱ्या रंगानं — याहून चांगलं काय असतं? मी म्हातारीला तेच म्हणायचो, शिकलेली पोरं आपल्या पत्र्याचा विचार करतात, हेच किती.

तुमच्या मोठ्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, आजोबा, शेजारचं घर रंगाचं आणि तुमचं नियंत्रणाचं. मला कमी ऐकू येतं, म्हातारीनं शाळा पाहिलेली नाही — आम्ही दोघांनी ऐकलं, निमंत्रणाचं. म्हणजे कसं, की शेजारणीचं आधी उरकतील आणि मग आपल्याला मानानं बोलावणं येईल. हसा हो, हसण्यासारखंच आहे. म्हातारी तर नळावर सांगून आली, आमचं घर निमंत्रणातलं आहे म्हणून. बायका जळल्या असतील तिच्यावर, दुसरं काय!

मग ती पेटी आली. ते बघा, भिंतीवर खिळ्याची भोकं दिसतायत ना, तिथं. घरात किती तापतं ते मोजणारी. म्हातारी रोज पुसायची तिला, देवासारखी — तर पेटीवाला ओरडला, ओलं फडकं लावू नका, आकडे बिघडतात. बरं म्हणाली. आता दरवर्षी उन्हाळ्यात ती पत्र्यावर ओली पोती टाकायची, दुपारी दोनदा भिजवायची — त्यावर आमचा उन्हाळा निघायचा. ती पोती बघून मोठ्या बाई म्हणाल्या, आजी, एवढा एक उन्हाळा छपरावर काही ठेवायचं नाही हं. तिनं त्याच दिवशी पोती उतरवली, घडी करून खाटेखाली ठेवली. मी म्हटलं, अगं, एखादं राहू दे. तर मलाच म्हणाली, निमंत्रण घ्यायचं आणि यजमानाचं ऐकायचं नाही, शोभतं का?

शेजारी? गेली होती की. ताप चढल्यासारखं होतंय म्हणाली तेव्हा मीच तिला शेजारणीकडे नेऊन बसवली. काय सांगू ताई, घरात पाऊल टाकलं तर झाडाखाली आल्यासारखं वाटलं! म्हातारीनं डोळेच मिटले. पण पेटीवाला तिकडेही आला. म्हणे घरात माणसं वाढली की अंगाची ऊब मोजणीत येते, बाहेरचं माणूस बसवू नका. मग काय — म्हातारी उठली, स्वतःचा पाट उचलून जागेवर ठेवला आणि आली. रस्त्यात मला म्हणते, आपल्यामुळे कुणाचं शिक्षण बिघडायला नको.

त्याच आठवड्यात गेली. दुपारी. पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन वळेपर्यंत.

पेटीवाला पेटी काढायला आला, तेव्हा खरा शब्द कळला मला. ज्या घराला काही करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं, ते नियंत्रणाचं. मोठ्या बाईही येऊन गेल्या. भल्या आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवला नि म्हणाल्या, आजोबा, तुमच्या घरामुळेच फरक इतका स्वच्छ दिसला. आता इथं म्हातारी नाही, तर स्वच्छ दिसणारच ना फरक?

रडू नका हो. तुम्ही तेव्हा नव्हतात. रंग द्या खुशाल, तुमचं काम अडवत नाही मी — आता आतल्या गारव्याचं मला काय, मी पडवीतच झोपतो. मांजर येतं आत, त्याला गार वाटेल.

काय म्हणता? कुठलं घर रंगाचं, कुठलं बिनरंगाचं, हे कुणी ठरवलं? तुम्हाला सांगितलं नाही? अहो, चिठ्ठ्या टाकल्या. मोठ्या बाईंची उन्हाची टोपी होती, तिच्यात. वशिला नको म्हणाल्या, नशिबानं ठरू दे. म्हातारीचा हात आधी टोपीत गेला होता — घातलेला हात तिनं बाहेर काढला. शेजारणीला म्हणाली, तुझी सासू अंथरुणाला खिळलेली, आधी तू उचल गं. शेजारीण वाईट नाही, ताई. म्हातारीला उचललं त्या दिवशी सगळ्यांत जास्त तीच रडली. इथं उंबऱ्याशी उभी राहिली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "काका, बरं झालं हो, माझी चिठ्ठी चांगली निघाली — नाहीतर आज आमच्या सासूबाई गेल्या असत्या."