चोवीस तास जास्तीचे

हॉर्न कोन वाजवला बे? वाजवा, म्या मागं वळून बगनार न्हाई, माझं ध्यान घराच्या दारावर हाय! चौसाळ्याहून बीडला जायाला दुसऱ्या जीपा मेल्यात का? बसायचं तर गप बसा. आत माझी बायको आवरायलीय, तवर गाडी उभीच ऱ्हानार! हां, हासा, हासा… तुमाला सांगतो, ह्याच बंकटनं पॅसिंजरचा एक पाय खाली आसताना गाडी काढलेली हाय, मला थांबायला जमतच न्हाई! माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं तानायला लागला तवा अंतरपाटाच्या आडून म्याच वरडलो, "आवर की लवकर!" आन अकरा वरसं झाली, ह्याच दारात उभा ऱ्हाऊन सत्यभामेला तेच… "आवर की लवकर!"

लेकरू न्हाई ना आमाला. मंग शहरातल्या दवाखान्यात गेलतो. तिथं काचेत गर्भ तयार करत्यात, गोठवून ठेवत्यात आन मंग पिशवीत सोडत्यात. आमचे तीन झाले. पैला सोडला, न्हाई ऱ्हायला. दुसरा सोडला, त्यो बी न्हाई. आमची म्हातारी छबुबाई लागलीच वट्ट्यावर, "पिशवीच खराब हाय गं बया, तिच्यात काय टिकतंय?" सत्यभामा आठ दिस नीट जेवली न्हाई. उरला एक. एकच! म्या डॉक्टरीनबाईला म्हनलं, "उद्याच सोडा त्याला, आवरा की लवकर!" त्या कशा थंड… "बंकटराव, या महिन्यात सोडायचाच नाही. फक्त तपासणी. पिशवीच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून लॅबला पाठवू, म्हणजे ते नक्की कितव्या तासाला तयार होतं ते कळेल." म्हंजी गोळ्या सगळ्या खायाच्या, सुया टोचून घ्यायाच्या, आन गर्भ न्हाईच? आवो, ही तर रिकामी फेरी! डिझेल जाळून रिकामी फेरी कोन मारतंय का? तर सत्यभामा म्हनली, "मी मारते." बोला आता!

तुकडा काढताना तिचं कन्हनं भाईर ऐकू आलं… जाऊ द्या. मंग लॅबला फोन, रोज फोन. "सर, अठरा दिवस लागतात." अठरा? तुकडा काय चालत निघालाय का बे?

आला रिपोर्ट. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "अस्तर चांगलंय. फक्त तयार व्हायला त्याला चोवीस तास जास्त लागतात. आधी दोन्ही वेळा आपण कदाचित एक दिवस लवकर गेलो." लवकर! सत्यभामेनं रिपोर्टातल्या 'चोवीस'वर बोट ठेवून मला दावलं. आरं, ते दोन जीव आमी दार उघडायच्या आदी नेऊन उभे केले… आन मी आपला भाईरून हॉर्न वाजवतोय!

"खात्री देता येत नाही हं," आसं बी म्हनल्या. नका देऊ! पर ह्या बारीला घाई न्हाई. मंगळवारी दुपारी तीनला पैली गोळी, तितून नेहमीचे एकशेवीस आन वरचे चोवीस, एकशे चव्वेचाळीस तास. म्या बोटावर मोजलेत, चारदा! आज सोमवार, दुपारी तीनला सोडायचा. एक मिनट आदी न्हाई. म्हातारी सकाळीच तोंड उघडाया लागली, म्हनलं, "आये, पिशवीला काय झालं न्हाई, ती टाइम घेती. घाईचं खानदान आपलंय!"

आत्ता सकाळचे सात वाजलेत. तुमाला बीडात उतरवून म्होरं दवाखान्यापत्तुर चार तासाचा रस्ता. घेऊ द्या तिला टाइम. केस इंचरू द्या, देवाला दिवा लावू द्या, पुन्ना इंचरू द्या! "आवर" म्हनायची कुनाची हिंमत झाली तर हितंच खाली उतरवीन… कावून खिदळायलेत बे मगाधरनं? काय हाय माझ्या मागं?

आं? सत्यभामा? तू कवा येऊन बसलीस पुढच्या सीटवर?

"वासराला पानी पाजून मागल्या दारानं आले. हॉर्न मीच वाजवला की! तवाधरनं तुमचं बोलनंच संपंना… आवरा की लवकर!"

बसा बे नीट. अकरा वरसात पैल्यांदा बाई आदी आवरून बसली, आन उशीर माझ्या नावावर!