पलंगाखालचा कोयता

कोर्टाबाहेरच्या बाकावर कौशल्याबाई मुलाच्या केसचा पुकारा व्हायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक हवालदार आणि पोह्यांची गाडी लावणारे महिपतराव येऊन टेकले. ही बाई कोणाची आई, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“पंचनाम्यावर पंच म्हणून सही आपलीच ना?”

“सही चौकीत केली, साहेब. कात्रजला त्या सूरजच्या घरी मी कधी गेलोच नाही.”

“आणि पोह्यांची गाडी कुठे लावता आपण?”

“चौकीच्या भिंतीला.”

“मग गेला होतात.”

“हो. गेलो होतो.”

“काय सापडलं?”

“कोयता.”

“कुठे?”

“घरात.”

“अहो, घर म्हणजे काय काडेपेटी आहे? त्याचा वकील नेमकी जागा विचारणार.”

“कागदावर काय लिहिलंय?”

“नुसतं ‘राहत्या घरातून’. तुम्ही पलंगाखालून म्हणा.”

“पोरगं लहान आहे, साहेब. कोयता खरंच त्याचाच होता ना?”

“तुम्ही पंच आहात, न्यायाधीश नाही. म्हणा.”

“पलंगाखालून.”

कौशल्याबाईंना राहवलं नाही.

“अवो, कशापायी खोटं बोलताय? सूरज माझा ल्योक हाय. आमच्या घरात पलंगच न्हाई. आम्ही समदे खाली गादीवर झोपतो.”

हवालदारानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तो महिपतरावांकडे वळला.

“बरं झालं, आत्ताच कळलं. गादीखालून म्हणा.”