तीनदा पुकारलेलं नाव

डब्याचं झाकण फरशीवर खणकन पडलं, तेव्हा कुठं सोनपेठच्या बसस्टँडवर शेजारच्या बाकावरच्या मायलेकी बोलत्या झाल्या. मांडीवर लेक घेऊन बसलेल्या रेवतीच्या कानावर ते आपसूक पडत गेलं.

"खा गं अर्पिता, दोन घास. पाहुण्यांपुढं चक्कर यायची."

"माय, अकरा वाजले. पुण्यात माझं नाव पुकारायले असतील."

"पुकारू दे. कराटेच्या स्पर्धा काय, पुढल्या साली बी येतील."

"परदेशच्या पोरी आल्यात, माय. चार वर्षं यासाठीच घाम गाळला मी."

"चांगलं स्थळ बी रोज येत न्हाई. घे, खोबरेल चोळ. मुठीवरचे घट्टे लय दिसायलेत."

"त्यांनी विचारलं तर?"

"भाकरी थापून पडले म्हण."

"मुठीनं थापतात का भाकरी?"

मायनं तिचा हात ओढून घेतला आणि स्वतःच घट्ट्यांवर खोबरेल चोळलं.

"बरं, तू न्हाई गेलीस तर काय करतात तिथं?"

"तीनदा नाव पुकारतात. मग समोरच्या पोरीचा हात वर करतात. ती जिंकली, मी हरले."

रेवतीच्या लेकीनं तिचा पदर ओढला.

"आई, ताईला तर कुणी मारलंच न्हाई. मग ती हरली कशी?"