पुसलेलं मोजमाप

अरविंद : सिस्टिममध्ये शिरायला टोकन कुठलं वापरलंस, ते आधी सांग.

नबीला : तुम्ही दिलेलंच, सर. सोमवारी चॅटवर पाठवलं होतंत.

अरविंद : ते चालू सिस्टिमचं, लाइव्हचं होतं, नबीला!

नबीला : वेगळं टोकन मागितलं तर आयटीवाले तीन आठवडे लावतील, याच्यावरच भागव, असं तुम्हीच म्हणालात.

अरविंद : बघायला दिलं होतं. डिलीट चालवायला नाही. अगं, विषाची परीक्षा कोणी घेतं का?

नबीला : तुमच्या डिलीट टूलचं मॅन्युअल माझ्या नावाने जातं. हाताने चालवून पाहिल्याशिवाय मी एक उदाहरण लिहीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, टेस्टचीच सिस्टिम. यादीत एक ड्राफ्ट बिल दिसलं, कच्चं, कोणीतरी अर्धवट टाकलेलं. म्हटलं, हेच उडवून बघू.

अरविंद : सल्लागाराची सही होईपर्यंत साइटचं प्रत्येक बिल ड्राफ्टच असतं! कुठल्या साइटचं होतं?

नबीला : तबूक. पायाच्या सळयांचं मोजमाप. तिथे मोजमाप घेणाऱ्या हुसेनमियाँनी भरलेलं, फोटोंसकट.

अरविंद : मेलो.

नबीला : बॅकअपमधून येईल ना परत?

अरविंद : नाही येणार. रद्द केलेली बिलं पुन्हा वर येतात म्हणून क्लायंट बोंबलत होता, त्यासाठीच तर मी हे टूल केलं. बिल, मोजमाप, फोटो, बॅकअप, सगळीकडून साफ.

नबीला : मग साइटवर पुन्हा मोजतील.

अरविंद : काय मोजतील? मंगळवारी वर काँक्रीट ओतलं. सळया पोटात गेल्या. आता फोडून बघायचं का?

नबीला : या अल्ला.

अरविंद : हळू बोल. हे बघ, आज गुरुवार. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारपर्यंत कोणी उघडणार नाही. कोणी पुसलं त्याच्या लॉगमध्ये नुसतं टोकन दिसतं, आणि तो लॉग बघतो कोण? आपण कानांवर हात ठेवायचे.

नबीला : आणि रविवारी सल्लागाराने नोंद मागितली की?

अरविंद : साइटवाल्यांनी भरलीच नसेल. होतं असं.

नबीला : करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव.

अरविंद : म्हणी सुचतायत तुला! दोन वर्षं खटपट केली तेव्हा गेल्या आठवड्यात अनुराधा रेवाला घेऊन इकडे सौदीला आली. पोरीच्या शाळेचा गणवेश कालच शिवून आला. टोकन माझ्या नावाचं आहे, नबीला. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला की तिघांनी सामान बांधायचं.

नबीला : माझा इकामा काय माझ्या आब्बांनी दिलाय? मलाही भीती वाटते, सर. पण हुसेनचाचांना मी सांगणार.

(नबीला फोन लावते. फोन टेबलावर ठेवून ती स्पीकर लावते. अरविंद दाराकडे जातो, पण बाहेर पडत नाही.)

हुसेनमियाँ : कोन? नबीला? काय गो बाय, आज कशी आठवण झाली?

नबीला : चाचा, तुमचं पायाचं बिल...

हुसेनमियाँ : तुझ्यापरेंत आलं काय? गेलं गो. सकाळी उघडलं तं पाटी कोरी. माझीच चूक. आंगठा जाडा, पडला आसंल कुठंतरी.

नबीला : चाचा, ऐका ना...

हुसेनमियाँ : सायबाला मी सांगूनशान टाकलं. त्याने लिहून घेतलंन, माझ्या हातून झालं म्हनून. सही पन केली मी. रविवारी मला गावाला परत धाडतो म्हनला. खलास.

नबीला : सही केलीत? न विचारता?

हुसेनमियाँ : कोनाला विचारनार? त्या पेटीतलं आपल्याला काय कळतं?

नबीला : तुमच्या हातून नाही झालं. मी पुसलं ते. मी, इथून. चुकून.

हुसेनमियाँ : तू?

नबीला : मी. आत्ता मेल करते सगळ्यांना.

हुसेनमियाँ : थांब. घाई करू नको. तुझी नोकरी जायल.

नबीला : जाईल कदाचित.

हुसेनमियाँ : घरात तुझ्या कमाईवर चार तोंडं हायेत, मला ठाऊक हाय. माझं काय, बावीस वर्सं झाली इथं. चार महिन्यांनी जायाचं, ते आता जाईन. राहू दे माझ्या नावावर.

नबीला : बावीस वर्षांत तुमच्या मोजमापात कोणी तसूभर चूक काढली नाही. आणि जाताना हा डाग घेऊन जायचा? नाही चाचा. मला झोप यायची नाही.

हुसेनमियाँ : झोपेचं काय, ती येते मागाहून. ऐक माझं.

नबीला : मी नाही ऐकणार.

हुसेनमियाँ : तुझ्याजवल कोनी मोठं मानूस नाय काय गो, तुला दोन शब्द सांगायला?

अरविंद : आहे. हुसेनमियाँ, मी अरविंद बोलतोय. तो कागद साहेबांकडून परत मागून घ्या. त्याच्यावर सही माझी लागेल.