दुरुस्तीला गेलेली बंदूक

ऋषी: आई, दोन हजार तेवीस साल संपत आलं. बाबा अठ्ठ्याहत्तरचा झाला. त्याला आयुष्यात एकच शौक आहे आणि त्याची बंदूक दीड वर्षं दुरुस्तीला पडलीय. मी फ्रीमाँटहून पाच तास विमानात बसून आलो, त्याला नवी घेऊन द्यायला. आणि तू गाडीतून उतरतच नाहीयेस.

शोभना: उतरते रे. गुडघा धरलाय जरा.

ऋषी: गुडघा नाही. ॲन आर्बरपासून इथपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस.

शोभना: मला त्या दुकानाची पाटीच आवडली नाही. एवढं मोठं बदक कशाला रंगवायचं?

ऋषी: बंदुकीचं दुकान आहे, आई. ऑक्टोबर आहे, शिकारीचा मोसम. बदकच रंगवणार.

शोभना: ऋषी, ऐक माझं. दुसरं काही घे त्यांना. दुर्बीण घे चांगलीशी. लांबून बघितले तरी पक्षी ते पक्षीच.

ऋषी: तीस वर्षं तो वॉल्टरकाकाबरोबर फेझंट मारायला जायचा. तू रस्सा करायचीस त्याचा.

शोभना: करायचे. आणि जेवताना दाताखाली छर्रा यायचा. वॉल्टर तो बशीच्या काठावर ठेवायचा, टण्‌ आवाज करून.

ऋषी: बघ, आठवतं ना तुला? वॉल्टरकाका गेला, पण क्लब आहे अजून. मी फोन केला होता. दर रविवारी मातीच्या तबकड्या हवेत उडवतात, त्यांच्यावर बार काढतात, मग कॉफी पितात. ते म्हणाले, आमचा डॉक्टर दीड वर्षात फिरकला नाही. घरात बसून बसून म्हातारा झालाय तो.

शोभना: घरात बसून नाही झाले.

ऋषी: मग?

शोभना: काही नाही. वयाने होतात माणसं.

ऋषी: आणि ती जुनी बंदूक कोणाकडे दिलीस तू? नंबर दे, मी बोलतो.

शोभना: त्या माणसाचं दुकान बंद झालं.

ऋषी: बंदुकीसकट?

शोभना: काचेतून हात करतायत बघ बाबा. चल आत.

रवींद्र: आलीस? मला वाटलं, गाडीतच संसार मांडलास. ऋषी, इकडे ये. हा दाढीवाला मला आपोआप भरणारी विकायला बघतोय. म्हणतो, डॉक्टर, खांद्याला धक्का कमी बसेल.

ऋषी: मग बरंच ना? तुझा खांदा काय चांगला नाही.

रवींद्र: क्लबात शेजारी चार माणसं उभी असतात. दुनळी मधोमध मोडून हातावर टाकली की दहा फुटांवरून दिसतं, रिकामी आहे. त्या आपोआपवालीच्या पोटात काय आहे ते तिलाच ठाऊक. माणसांच्या पोटात काय आहे ते बघायचा मी चाळीस वर्षं पगार घेतला. आता फुकट नाही बघणार.

शोभना: झाले विनोद सुरू.

रवींद्र: तू बोलू नकोस. जन्मात एकदा चाप ओढलास आणि पंधरा दिवस खांदा शेकवून घेतलास माझ्याकडून.

ऋषी: मी व्हिडिओ बघितले, बाबा. सगळे म्हणतात बारा गेज घ्या. पक्ष्यांना चालतं, तबकड्यांना पण चालतं.

रवींद्र: ते सगळे तिशीतले असतील. बारा गेजची नळी रुंद, छर्रे जास्त, सगळं खरं. तबकड्यांना उत्तम, कारण तिथे एका जागी उभं राहायचं. फेझंटमागे कापलेल्या मक्याच्या शेतातून मैलन्‌मैल चालायचं असतं. तिसऱ्या मैलाला अर्धा किलो जास्तीचं वजन म्हणजे कडेवर तान्हं पोर. मला हलकी वीस गेजच बरी. छर्रे कमी, मग नेम जरा नीट धरायचा, एवढंच.

ऋषी: आणि ही कुठली?

रवींद्र: तुर्कस्तानची. अशीच इटलीची घ्यायला गेलो तर तुझं फ्रीमाँटचं घर विकावं लागेल. हिचं कोरीवकाम यंत्राचं आहे, त्याकडे बघू नकोस. दस्ता अक्रोडाचा आहे आणि बिजागरी घट्ट आहे. उघड. आता मीट. काय ऐकू आलं?

ऋषी: कपाटाचं दार.

रवींद्र: चांगल्या कपाटाचं. पुरे आहे मला.

ऋषी: पण तुला बसते का ते कसं कळणार?

रवींद्र: डोळे मिटायचे. खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा मणी सरळ समोर दिसला तर बंदूक आपली. शोधावा लागला तर कितीही स्वस्त असली तरी दुसऱ्याची. हे बघ.

ऋषी: वाव. आई, हात बघ त्याचे. जरासुद्धा हलत नाहीयेत.

शोभना: बघतेय.

रवींद्र: तुम्ही जरा बाजूला होता का? नळीसमोर उभं राहू नये, रिकामी असली तरी.

शोभना: होते.

रवींद्र: दमलेल्या दिसता. खुर्ची मागवू का तुमच्यासाठी?

शोभना: नको. ठीक आहे मी.

ऋषी: सो स्वीट. आई, आज काय जंटलमन झालाय बघ.

रवींद्र: कोण? हं. ऋषी, दाढीवाल्याला म्हणावं, हीच दे. फॉर्म आण म्हणावं. फॉर्म मीच भरतो. तुझा पत्ता कॅलिफोर्नियाचा, तुझ्या नावावर घ्यायची म्हणजे नसती भानगड. चष्मा कुठेय माझा? असू दे, सापडला. तिकडे टेबलावर बसतो.

शोभना: ऋषी, तो फॉर्म भरू देऊ नकोस.

ऋषी: आई, प्लीज, आता नको.

शोभना: आत्ता ते मला काय म्हणाले?

ऋषी: खुर्ची मागवू का म्हणाला.

शोभना: कसं म्हणाले? ‘तुमच्यासाठी’. ‘दमलेल्या दिसता’.

ऋषी: मग? पोलाइट होता. तू त्याला जन्मभर तुम्ही म्हणतेस. त्याने एक दिवस तुला म्हटलं तर चांगलंच आहे. खरं तर खूप आधी म्हणायला पाहिजे होतं.

शोभना: एक्कावन्न वर्षांत त्यांनी मला तुम्ही म्हटलेलं नाही. भांडताना नाही, चारचौघांत नाही, मी आयसीयूत होते तेव्हा नाही. तुझ्या आईला नाही विचारलं त्यांनी आत्ता. दुकानात एक म्हातारी बाई उभी होती, तिला विचारलं.

ऋषी: नो. आई, नो. आत्ता पाच मिनिटं तो मला गेज समजावत होता.

शोभना: गेज आहे डोक्यात. एकोणऐंशी सालचा फेझंट आहे. मी मधूनच जाते आणि मधूनच येते.

ऋषी: कधीपासून?

शोभना: दोन वर्षं झाली. त्यांचं त्यांनाच आधी कळलं, डॉक्टर ना. सकाळचा चहा घेताना म्हणाले, शोभना, माझ्या डोक्याला गळती लागलीय. ऋषीला सांगायचं नाही. शब्द दे. मी दिला.

ऋषी: आणि बंदूक?

शोभना: दुरुस्तीला दिलीच नव्हती. वॉल्टरच्या मुलाला बोलावलं आणि म्हटलं, घेऊन जा बाबा, परत आणू नकोस.

ऋषी: का? काय केलं त्याने?

शोभना: मागल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. भर दुपारी मी भाजी घेऊन गॅरेजमधून आत आले, तर हे बर्फाचं फावडं उचलून उभे. म्हणाले, ‘आपण कोण? ह्या घरात कशा शिरलात?’ ओरडले नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाही. ‘आपण’ म्हणाले मला. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हटलं, डॉक्टरांकडे आलेय, तपासून घ्यायला. मग फावडं भिंतीला टेकवलं, म्हणाले, बसा. जीभ दाखवा.

ऋषी: तू दाखवलीस?

शोभना: दाखवली. काय करणार? आत कपाटात बंदूक होती, ऋषी. किल्ली त्यांच्या खिशात.

ऋषी: उन्हाळ्यात एकदा फोनवर मला म्हणाला, ‘तुम्ही कुठून बोलता?’ मी म्हटलं, फ्रीमाँट. तो म्हणाला, वा, तिकडे हवा छान असते. मला वाटलं जोक करतोय. मी हसलो, आई.

शोभना: तुझं काय चुकलं त्यात? तू सगळ्यांनाच तू म्हणतोस. नागपूरच्या आत्याला, देवळातल्या गुरुजींना. लोक हसायचे, मीही हसायचे. म्हटलं, अमेरिकेतलं पोर, मराठी बोलतंय हेच खूप झालं. तो कान तयार करायला हवा होता तुझा. मी नाही केला.

रवींद्र: झालं का सांगून?

शोभना: अहो...

रवींद्र: माझे कान शाबूत आहेत. दाढीवाल्याला मराठी येत नाही. मला येतं.

ऋषी: बाबा, आपण बसून बोलू या का?

रवींद्र: तू थांब. शोभना, तू शब्द दिला होतास.

शोभना: हो.

रवींद्र: आणि फावड्याचं मला कधी सांगितलं नाहीस.

शोभना: काय सांगणार होते?

रवींद्र: मारलं का मी तुला?

शोभना: नाही.

रवींद्र: उचललं होतं?

शोभना: हो. उचललं होतं.

रवींद्र: दर आठवड्याला मी तुला विचारायचो, बंदूक आली का. तू म्हणायचीस, पार्ट यायचाय. कधी म्हणायचीस, अहो, कालच नाही का सांगितलं? मी खोलीत जाऊन वहीत लिहून ठेवायचो, पुन्हा विचारू नये म्हणून. मला गळती लागलीय हे माहीत असून तू वरून आणखी एक भोक पाडलंस.

शोभना: मला दुसरं सुचलं नाही.

रवींद्र: तोंडावर सांगायचं. मी लोकांना त्यांच्या तोंडावर सांगितलंय, तुमचे तीन महिने उरलेत. तुला एक वाक्य बोलता आलं नाही?

शोभना: आता बोलते. मला तुमची भीती वाटते.

ऋषी: आई.

रवींद्र: असू दे. नीट बोलली. ऋषी, हा घे फॉर्म. अर्धा भरलाय, फाडून टाक. दाढीवाल्याला म्हणावं, बंदूक चांगली आहे तुझी, माणूस बाद निघाला.

ऋषी: बाबा, क्लबात नुसतं बघायला जाऊ या आपण. मी आहे अजून चार दिवस.

रवींद्र: गाडी काढ. मी मागे बसतो.

शोभना: पुढे बसा हो, पाय आखडतील मागे.

रवींद्र: आत्ता ह्या क्षणी मी तुला अगदी नीट ओळखतोय, शोभना. म्हणूनच मागे बसतो.

(दोन वर्षांनंतर, नोव्हेंबरमध्ये. फोनवर.)

ऋषी: आई, आज गेली होतीस का केअर होममध्ये?

शोभना: रोजच जाते. रस्ता ओलांडला की दार. घर विकलं तेव्हा रडले, पण ह्या छोट्या फ्लॅटचं एक बरं आहे, बर्फ काढावा लागत नाही.

ऋषी: कसे आहेत बाबा?

शोभना: वजन उतरलंय. घास भरवावा लागतो. डॉक्टर म्हणतात हिवाळा निघेल, पण ते पण कसे म्हणतात ते मी ऐकते ना.

ऋषी: मी थँक्सगिव्हिंगला येतोय. आन्याला पण आणतो, आजोबांना भेटू दे. तिला रविवारच्या मराठी शाळेत घातलंय. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मावशींना ‘तू’ म्हणाली.

शोभना: सात वर्षांची आहे ती.

ऋषी: मी तिला पार्किंगमध्ये उभं करून दहा वेळा ‘तुम्ही’ म्हणायला लावलं. रडायला लागली. तिची आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

शोभना: रडवू नकोस रे तिला.

ऋषी: नाही रडवणार. आई, एक विचारू? त्या दुकानानंतर ते तुझ्याशी बोलले का कधी?

शोभना: नाही. सात महिने. वाढलेलं जेवायचे, दिलेलं औषध घ्यायचे, तुझा फोन आला की तुझ्याशी बोलायचे. माझ्याशी एक अक्षर नाही. बाकीचं सगळं गळून गेलं, तेवढं मात्र धरून ठेवलं होतं. मग एक दिवस तेही गेलं.

ऋषी: आणि आता?

शोभना: आता बोलतात की. मी आत गेले की खुर्चीतून उठायला बघतात. म्हणतात, या, बसा. कालही आला होतात ना तुम्ही?

ऋषी: मग तू काय म्हणतेस?

शोभना: म्हणते, हो, आले होते. आणि बसते.